स्वागताचं तोरण

हातुमेना,
४ ऑक्टोबर, रविवार

प्रिय मेल्की,

देवाच्या कृपेने इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तूही तिकडे बालीत बरा असशील. तुझ्या फोटोंवरून तरी बराच दिसतोस. काळा चष्मा, पांढरेशुभ्र दात, मागे समुद्र आणि बाजूला कोणीतरी गोरा माणूस तुझ्या खांद्यावर हात टाकून उभा.

पत्र लिहिते आहे, कारण तू फोन उचलत नाहीस. रेंजसाठी मी लवंगांच्या बागेपर्यंत चढून जाते, तिथे उभी राहून घंटी ऐकते आणि खाली येते. गुडघे माझे आहेत, तुझ्या सहलींच्या कंपनीचे नाहीत. तेव्हा आता नोके गुरुजी तुमच्या देनपासारला शिक्षकांच्या शिबिराला निघालेत, त्यांच्याबरोबर हे देते आहे. त्यांना बजावलंय, त्याच्या हातात द्या, ऑफिसात ठेवून येऊ नका. तिथली माणसं गोड हसून सगळं खणात टाकतात असं ऐकलंय.

बाकी खुशाली. माझा पोरगा एली अजून निकेलच्या खाणीवरच आहे, नाताळला येईन म्हणतो. लवंग यंदा बेताची आली. आईच्या थडग्याचा कठडा मी रंगवून घेतला, निळा, तिला आवडायचा तसा. पाद्रीबाबा तुझी चौकशी करतात. बापा ठीक आहेत. पाठ जरा दुखते, पालथे झोपतात. वय झालं आता.

आता मुद्द्याचं.

मागच्या आठवड्यात गुरुजी शाळा सुटल्यावर घरी आले. चहा घेतला, केळ्याची भजी खाल्ली, तरी जाईनात. मग म्हणाले, "उसी, एक दाखवायचंय. पण फोन माझा आहे, हप्ते अजून फिटायचेत, एवढं लक्षात ठेवून बघा." आणि त्यांनी तुमच्या कंपनीची ती यादी उघडली. अमेरिकन प्रवाशांनी अजून न पाहिलेली आग्नेय आशियातली रम्य ठिकाणं. पहिल्या नंबरावर लाओसमधला कुठलासा धबधबा, दुसऱ्यावर फिलिपीन्सचं एक बेट, आणि तिसऱ्यावर आपण. म्हणजे आपली खाडी. नाव मात्र आपलं नाही. तुम्ही तिचं नाव ठेवलंय "छुपं निळं सरोवर".

सरोवर! अरे, खाडी आहे ती. खारं पाणी आहे. ज्याने नाव ठेवलं त्याने जीभ तरी बुडवून बघायची होती.

पुढे लिहिलंय, ही जागा अजून कोणालाच सापडलेली नाही. मग आम्ही कोण? खेकडे? तीनशे घरं आहेत, चर्च आहे, शाळा आहे, आपल्या आईचं थडगं आहे. हरवलं कधी होतं रे हे, की कोणाला सापडावं?

एवढं मी हसण्यावारी नेलं असतं. धंद्यात माणसं वाट्टेल ते लिहितात. पण वर फोटो होता. खाडीचं तोंड, दोन्ही बाजूंना खांब, वर आडवा बांबू आणि त्याला लोंबणारी नारळाची कोवळी पिवळी पानं. आणि फोटोखाली, गुरुजींनी अडखळत वाचून दाखवलं: "बेटावरचे साधेभोळे लोक पाहुण्यांसाठी असं स्वागताचं तोरण बांधतात. त्याखालून जाणं शुभ मानलं जातं, असं आमचा स्थानिक वाटाड्या मेल्की सांगतो."

मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं आणि फोन खिशात टाकला.

स्वागताचं तोरण.

तुला आता सासी म्हणजे काय ते मी सांगायचं का? सांगते. बालीच्या हवेत विसरला असशील. समुद्रातलं काही संपत आलं की गाव त्याच्यावर सासी घालतं. चर्चमध्ये प्रार्थना होते, खाडीच्या तोंडाला पानं बांधतात, आणि मग पानं उतरेपर्यंत आत कोणी जायचं नाही. मासा नाही, शिंपला नाही, होडी नाही, गावच्या राजाचा जावई असला तरी नाही. आत सगळं वाढू द्यायचं. त्या पानांचा एकच अर्थ आहे, थांब. आणि कोणी थांबला नाही तर त्याला थांबवणारा माणूस म्हणजे केवांग. चाळीस वर्षं हातुमेनाचा केवांग कोण होता? आठवतंय का? तुझा बाप.

तू सहा वर्षांचा असताना तुझी करवंटीची होडी वाऱ्याने पानांखालून वाहत गेली होती. तू रडत बापांकडे गेलास, आता होडीला वेत मारणार का म्हणून विचारायला. अख्खा गाव हसला होता. तेव्हा तुला अर्थ कळत होता. मग आता कुठल्या शाळेत गेलास, की पानं वाचता येईनाशी झाली?

मला ठाऊक आहे कसं झालं असेल ते. बोटीतल्या गोऱ्यांनी विचारलं असेल, हे काय लटकतंय? खरं सांगितलं असतंस तर बोट वळवावी लागली असती, एवढ्या लांब आणून त्यांना निळं पाणी दाखवता आलं नसतं. तोंडातून जे गोड निघालं ते तू बोललास. आणि ते आता जगभर छापून आलं.

सप्टेंबरात वारा पडला आणि बोटी सुरू झाल्या. आंबोनहून येतात, कधी एक, कधी दोन. थांबवायला शंख फुंकला तर हात हलवतात. एकदा मी होडी घेऊन आडवी गेले. एक नवरा-बायको पानांखाली हात पसरून उभे होते, फोटोसाठी. एकाने पान तोडून टोपीला गुंडाळलं होतं. त्यांच्याबरोबरच्या पोऱ्याला मी म्हटलं, "बोट मागे घे, नाहीतर दगड घालीन."

तो म्हणतो, "उसी, चिडता कशाला? तोरण आहे ना हे, स्वागताचं?"

"तुझ्या आजीने सांगितलं का स्वागताचं?"

"आजीला कशाला मध्ये आणता? कागदावर लिहून दिलंय तसं मी बोलतो. आमचं गाव डोंगरात, आमच्याकडे समुद्रच नाही. मला काय माहीत?"

आता त्याला काय मारू? त्याला खरंच माहीत नव्हतं.

आणि ती अमेरिकन म्हातारी. लॉइस तिचं नाव. आयडाहो म्हणून त्यांचा कुठला मुलूख आहे तिकडची, आयुष्यभर शाळेत शिकवलेली. पानांखाली आल्यावर तिने हात जोडले होते, मेल्की. देवळात शिरल्यासारखे. तिला वाटलं, एवढ्या मानाने आपल्याला बोलावलंय तर आपणही मान द्यावा. मी गुरुजींना बोलावून तिला खरं सांगितलं. तिने विचारलं, "मग ही पानं काय म्हणतात?" गुरुजी म्हणाले, "थांबा म्हणतात." ती बोटीतच खाली बसली. रडली. मला म्हणाली, माझ्या वर्गात कोणी न विचारता शिरलं तर मी त्याला बाहेर काढायची. जाताना पाण्यात पायसुद्धा घातला नाही तिने. नंतर तिने तुमच्या कंपनीला लिहिलं. कंपनीने तिचे आभार मानले आणि पुढच्या सहलीवर सूट देऊ केली. हे तिने गुरुजींना कळवलं, लाज वाटते म्हणून.

त्या बाईवर मी रागवू शकत नाही. मला राग येतो तो तुझा. इतका येतो की नारळ सोलताना हात चुकतो.

हे पत्र इथे संपवणार होते. गुरुजींची बोट उद्या आहे, कागद उरलाय, म्हणून लिहिते. खरं म्हणजे कागदाचं निमित्त. लिहिल्याशिवाय तुला कळणार नाही.

तुला वाटतं, मार्चमध्ये तू त्या पहिल्या लोकांना घेऊन आलास तेव्हा कोणी पाहिलं नाही. बापांनी पाहिलं. टोकावरच्या खोपीत बसले होते ते. इंजिनाचा आवाज आला तसा त्यांनी शंख उचलला, तोंडाला लावला, आणि तेवढ्यात बोटीच्या नाळेवर तू दिसलास. त्यांनी शंख वाजवला नाही. टोकावरून घरापर्यंत पळत आले. त्या वयात, त्या खडकांवरून. मी धुणं वाळत घालत होते. म्हणाले, "योसी, मासा रांध. पोरगा आलाय." पानांचं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. सात वर्षांनी भाऊ येत होता, मला सुचलं नाही.

मी हळदीचा रस्सा केला. पापेदा, ती साबूच्या पिठाची चिकट खळ, तुला घशाखाली उतरत नाही म्हणून केळी उकडली. बापांनी चर्चचा शर्ट घातला. मग आम्ही बसलो. रस्सा निवला, मी गरम केला. परत निवला. मग इंजिनाचा आवाज आला आणि लांब गेला. बापा म्हणाले, "वळसा घालून पलीकडून येत असेल." पलीकडे कडा आहे, तिथे बोट लागत नाही, हे या बेटावर त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? मी म्हटलं, हो, असेल.

तू घराच्या इतक्या जवळ येऊन घरी आला नाहीस. तुझं तोरण एकवेळ बाजूला ठेवते, पण हे कुठे ठेवू?

मार्कुसनेही पाहिलं होतं. बापांच्या हाताखालचा तो, तुझा जुना सवंगडी. त्याने महिनाभर तोंड उघडलं नाही, मग उघडलं, आणि त्याचं काही चुकलं नाही. पंच बसले. राजाने विचारलं, "केवांग, बोट पानांखालून गेली?" बापा म्हणाले, गेली. "बोटीवर कोण होतं?" बापा म्हणाले, माझा मुलगा. "शंख वाजला?" नाही वाजला.

नियम तुला माहीत आहेत. सासी मोडणाऱ्याला वेत. तो हजर नसेल तर त्याच्या घरातला कर्ता त्याच्या जागी उभा राहतो. आजवर असं कोणी उभं राहिलेलं मला आठवत नाही, लोक आपापली पाठ घेऊन येत होते. बापांनी डोक्याचं लाल फडकं सोडलं, घडी घालून टेबलावर ठेवलं, वर वेत ठेवला. म्हणाले, "ज्याने शंख वाजवला नाही तो केवांग नाही. दुसरा नेमा." राजाने मार्कुसकडे पाहिलं. मार्कुस खाली बघायला लागला. सगळेच खाली बघायला लागले. मग बापांनी मला हाक मारली. "योसी, तू घे."

बाईने कधी घेतलं नव्हतं. पण कोणी नाही म्हणालं नाही, कारण नाही म्हणणाऱ्याला स्वतः उचलावं लागलं असतं. आणि मी घेतलं, ते मनात एक धरून. म्हटलं, मी केवांग झाले की मी म्हणेन, जाऊ द्या, म्हातारा माणूस आहे, आणि सगळे घरी जाऊ. फडकं मी डोक्याला बांधलं. वळून बघते तर बापांनी शर्ट काढला होता. माझ्याकडे पाठ करून उभे होते. म्हणाले, "केवांग, काम कर."

मी म्हटलं, बापा. ते म्हणाले, "इथे तुझा बाप नाही. काम कर."

मी केलं. जेवढे ठरलेत तेवढे. हळू मारलेला पहिला त्यांनी मोजला नाही.

म्हणून ते पालथे झोपतात, मेल्की. आता कळलं? वयाने नाही. जखमा केव्हाच भरल्या, पण ते अजून पालथेच झोपतात, आणि मी तेल लावायला गेले की म्हणतात, मार्कुसच्या बायकोला पाठव. माझ्यावर राग नाही त्यांचा. त्यांच्या पाठीला आता माझा हात ओळखू येतो.

आता ऐक. गुरुजींनी दाखवलं, नोव्हेंबरात तुमची मोठी सहल आहे, आणि तिच्यावर लिहिलंय, मेल्की स्वतः तुम्हाला आपल्या जन्मगावी घेऊन जाईल. बापांना मी सांगितलं नव्हतं. त्यांना कोणीतरी सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "आला तर मी पुन्हा उभा राहीन." आणि वेत माझ्या हातात आहे.

तेव्हा येऊ नको त्या बाजूने. ती ओळ पुसायला लाव, तोरणाची. त्या लोकांना खरं सांग, नोकरी जायची असेल तर जाऊ दे. आणि यायचंच असेल तर धक्क्यावरून ये, इतर माणसं येतात तसा. मी शिव्या घालीन, बापा घालणार नाहीत. त्यांना तू हवा आहेस. मलाही, पण ते मी तोंडाने म्हणणार नाही.

अख्खं गाव मला उसी म्हणतं, थोरली बहीण म्हणून. ज्याची खरी आहे तो सोडून.

तुझी उसी,
योसिना


हातुमेना,
२२ नोव्हेंबर, रविवार

मेल्की,

गुरुजी म्हणाले, तू पत्र त्यांच्यासमोर उभ्याने वाचलंस. शेवटपर्यंत वाचलंस. मग घडी घातलीस आणि विचारलंस, गुरुजी, कॉफी घेणार? ते म्हणाले, त्याचे डोळे भरले होते उसी. मी म्हटलं, बघू.

बघितलं.

तुमची मोठी पांढरी बोट गुरुवारी सकाळी आली. मी टोकावर होते, फडकं बांधून. आधी नाळेकडे बघितलं. तू नव्हतास. मला इतकं बरं वाटलं, तुला सांगते, की हातातला शंख मी खाली ठेवला. म्हटलं, वाचलं पोराने. मग बोट वळेना. सरळ पानांकडे यायला लागली. मी शंख फुंकला. परत फुंकला. खडकांवरून उतरून कमरेएवढ्या पाण्यात शिरले, पानांच्या खाली जाऊन उभी राहिले, वेत वर धरून.

त्या लोकांनी फोन काढले. माझे फोटो घेतले. एकाने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. त्यांना वाटलं, तोरणाबरोबर नाचही ठेवलाय. आई वारली त्या दिवशी नव्हतं मला इतकं एकटं वाटलं.

बोट पानांखालून आत आली तेव्हा मी तिचं नाक दोन्ही हातांनी धरलं. इंजिन बंद झालं. तुझ्या जागी पाठवलेली ती बालीची मुलगी पुढे आली, चांगली आहे बिचारी, घाबरली होती. म्हणाली, "केवांग तुम्हीच ना? मेल्कीभाऊंनी निरोप दिलाय. म्हणाले, बोटीत त्यांच्या घरातलं कोणी नाही, तेव्हा नियम लागत नाही, कोणाला त्रास होणार नाही."

मी तिला दोनदा विचारलं. असंच म्हणाला? तिने मान हलवली.

तू माझं पत्र वकिलासारखं वाचलंस. बापांच्या पाठीबद्दल वाचलंस, माझ्या हाताबद्दल वाचलंस, आणि त्यातून तुला फट सापडली. त्या ओळी लिहिताना माझा कागद दोनदा भिजला होता. तू त्यातून पळवाट काढलीस आणि वर तिला "कोणाला त्रास होणार नाही" असं नाव दिलंस. गोड बोलायला तू शिकलास खरा. "थांब"चं "या" केलंस, तसंच हे.

त्या लोकांना गुरुजींकरवी सगळं सांगितलं. बऱ्याच जणांनी फोन आत ठेवले, दोघे-तिघे पैसे भरलेत म्हणून कुरकुरले. बोट मागे गेली. पण गेलेली बोट गेली. सप्टेंबरातल्या बोटींवर तुझं नाव नव्हतं, हिच्यावर होतं. आदल्या खेपेसारखं कोणी महिनाभर गप्प बसणार नव्हतं, गाव सगळं धक्क्यावर होतं.

त्याच दुपारी पंच बसले. बापा वाटेनेच शर्ट काढून आले. गावातून चालत, उघड्या पाठीने, वळ सगळ्यांना दिसत होते. बायका दारातून आत गेल्या. ते येऊन माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

"केवांग, काम कर."

मी म्हटलं, "नाही."

"बोट त्याची. शब्द त्याचे. घर माझं. काम कर."

"जो गैरहजर असतो त्याच्या जागी घरचा उभा राहतो, बापा. मेल्की गैरहजर नाही. मेल्की लपलाय. लपलेल्याच्या जागी कोणी उभं राहत नाही. त्याची पाठ त्याच्यापाशी आहे, ती तोच घेऊन येईल."

बापा वळले. माझ्याशी असं कधी बोलले नव्हते, म्हणाले, "योसी, नको करू. मला उभं राहू दे. माझं चामडं जुनं आहे, मला काही होत नाही." सत्तरीचा माणूस, पंचांसमोर, मार मागत होता माझ्याकडे. त्यांना ठाऊक होतं, त्यांच्या पाठीवर ते फिटलं तर तू मोकळा. मला ते नको होतं. तू मोकळा नको होतास मला.

राजाने विचारलं, मग काय करायचं? बोट गेली ते असंच सोडायचं?

मी म्हटलं, "सासी घालायची. मेल्कीवर."

कोणीतरी हसलं. मार्कुस म्हणाला, "सासी माशावर असते उसी, शिंपल्यावर असते. माणसावर कुठे घालतात?"

"का नाही? संपत आलेल्यावरच घालतात ना?"

मग कोणी हसलं नाही. पाद्रीबाबा हो म्हणाले. आज सकाळी चर्चमध्ये प्रार्थना झाली. तर ऐक, हातुमेनाच्या केवांगने सांगितलंय. तुझं नाव या गावात घ्यायचं नाही. तुला फोन करायचा नाही, तुझा आला तर उचलायचा नाही. तुझे फोटो बघायचे नाहीत. नाताळला तुझं ताट मांडायचं नाही, सात वर्षं आम्ही मांडत होतो, ते तुला ठाऊक नसेल. पत्रही नाही. हे एक लिहायला पाद्रीबाबांनी आज मावळतीपर्यंत सूट दिली आहे.

तुझ्या खोलीच्या दारावर पानं बांधायची होती. मी दुपारी कोयता घेऊन निघाले तर बापा आधीच मागच्या नारळीखाली होते. मार्कुसच्या पोराला वर चढवून त्यांनी कोवळं पान उतरवून घेतलं होतं. पायरीवर बसून स्वतः चिरलं, पातं-पातं वेगळं केलं. मी पुढे झाले तर म्हणाले, राहू दे, तुझं वाकडं होतं. बांधलंही त्यांनीच. गाठ ओढून बघितली आणि मग जेवायला बसले. जेवले नीट.

सासी कायमची नसते, एवढं तरी तुला आठवत असावं. ती उतरते. तुझी तूच उतरवू शकतोस. धक्क्यावरून यायचं, एकट्याने, गोऱ्यांशिवाय. पंचांसमोर उभं राहून सांगायचं, मला अर्थ माहीत होता आणि मी खोटं बोललो. मग शर्ट काढायचा. पहिला हळू बसला तर मी मोजणार नाही.

ऊन उतरत चाललंय, थांबते. पाकीट बंद करायच्या आधी बापांना विचारलं, काही निरोप लिहू का?

ते म्हणाले, "कोणाला?"

योसिना,
केवांग, हातुमेना